टॅरो डेक काढायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कला महाविद्यालयातून नुकतेच बाहेर पडलेले चित्रकार, हौसेने टॅरोची कार्डं वाचणारे (म्हणजे त्यांच्या चित्रांवरून भविष्य सांगणारे) आणि 'आमच्यासारखी माणसं कुठल्याच डेकमध्ये, म्हणजे कार्डांच्या संचात, दिसत नाहीत' म्हणून वैतागलेले, असे तिन्ही प्रकारचे लोक साधारण हेच प्रश्न विचारतात. उत्तरं देणारे आम्ही मांडणी आणि छपाईच्या बाजूचे. तेव्हा 'डेक खपेल का' हे कार्डांना विचारा, बाकीचं आम्हाला.

टॅरो म्हणजे मुळात पत्ते की भविष्य?

पत्ते. १५व्या शतकात उत्तर इटलीत, मिलान आणि फेरारासारख्या दरबारी शहरांत, हा हुकमाचा खेळ म्हणून सुरू झाला. चार रंग त्याआधीच मामलुक सुलतानांच्या इजिप्तकडून युरोपात आले होते: पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या. इटलीत पोलो कुणाला ठाऊक नव्हता, म्हणून त्या नुसत्या काठ्या झाल्या. आजच्या डेकमधले वांड्स ते हेच.

भविष्याचा भाग बराच नंतरचा. १७८१ साली कूर द जेबलॅं या फ्रेंच लेखकाने हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुजाऱ्यांचं गुप्त ज्ञान असल्याचं लिहिलं. पुरावा शून्य, पण कल्पना एवढी आवडली की १७८९ मध्ये एतेला या टोपणनावाच्या गृहस्थाने खास भविष्यासाठीचा डेकच काढला. 'इजिप्तमधली पाच हजार वर्षांची परंपरा' असं तुमच्या पेटीवर छापणार असाल तर थांबा, एवढ्यासाठी हे सांगितलं.

एकूण कार्डं ७८. त्यांत २२ मेजर (मूर्ख, जादूगार, सम्राज्ञी, मृत्यू, मनोरा, चंद्र, सूर्य वगैरे) आणि ५६ मायनर, म्हणजे प्रत्येक रंगाची १४. आपल्या नेहमीच्या कॅटात एका रंगाची १३ पानं असतात. इथे गुलाम एकटा नाही, पेज आणि नाइट असे दोघे.

जो तो 'रायडर-वेट' म्हणतो. त्यात एवढं काय आहे?

१९०९ साली लंडनमध्ये विल्यम रायडर अँड सन या प्रकाशनाने तो काढला. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. त्याआधीच्या बहुतेक डेकमध्ये मायनर कार्डांवर नुसत्या खुणा असत, आपल्या बदाम सत्तीवर सात बदाम असतात तशा. स्मिथबाईंनी प्रत्येक कार्डावर प्रसंग रंगवला. अगदी पहिल्यांदा नव्हे; १५व्या शतकाच्या अखेरच्या 'सोला बुस्का' या इटालियन डेकमध्ये ते झालं होतं, त्याचे फोटो १९०७ पासून ब्रिटिश म्युझियममध्ये होते आणि तीन तलवारींनी भेदलेलं काळीज थेट तिथून आलेलं दिसतं. पण आज जगात निघणारे बहुतेक डेक स्मिथबाईंच्या प्रसंगांची लेकरं आहेत.

त्यांना मिळालं काय? एकरकमी मानधन, तेही किरकोळ. मोठं काम होतं आणि पैसे फारच थोडे, अशा अर्थाचं त्यांनी त्याच वर्षी अमेरिकी छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिगलिट्झ यांना पत्रातून कळवलं होतं. रॉयल्टी नाही, डेकच्या नावात त्यांचं नाव नाही. वेट आणि रायडर राहिले. चित्रं काढणारी बाई उरली ती कार्डाच्या कोपऱ्यातल्या वेटोळ्या सहीपुरती. १९५१ मध्ये कॉर्नवॉलमधल्या ब्यूड गावी त्या वारल्या. हल्ली बरेच जण 'रायडर-वेट-स्मिथ' म्हणतात. सर्वांना सामावून घेणारा डेक काढायला निघालेल्या माणसाने ही हकिगत आधी वाचावी आणि मग चित्रकाराशी पैशांचं बोलावं.

त्या चित्रांवरून आपली चित्रं काढली तर चालतं का?

भारतात कॉपीराइट कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे स्मिथ यांच्या मूळ चित्रांचा २०११ अखेर संपला. ब्रिटनमध्ये ७० वर्षं, म्हणजे २०२१ अखेर. अमेरिकेत १९०९ चं प्रकाशन केव्हाच खुलं झालं आहे. रचना, प्रसंग, चिन्हं तुम्ही मोकळेपणाने घेऊ शकता.

फक्त दोन गोष्टी सांभाळा. नंतरच्या प्रकाशकांनी नव्याने रंगवलेल्या आवृत्त्यांवर त्यांचे वेगळे हक्क असू शकतात, म्हणून संदर्भाला सुरुवातीच्या छपाईचे स्कॅन वापरा. आणि 'रायडर-वेट' हे नाव पेटीवर स्वतःच्या डेकचं नाव म्हणून टाकू नका.

दुसऱ्या प्रसिद्ध डेकचं, थॉथचं, गणित निराळं आहे. इंग्लिश गूढवादी ॲलिस्टर क्रॉली यांच्यासाठी तो लेडी फ्रीडा हॅरिस यांनी १९३८ ते १९४३ दरम्यान रंगवला आणि त्या १९६२ मध्ये वारल्या. ब्रिटनच्या हिशेबाने २०३२ अखेरपर्यंत हात लावू नये. (जाता जाता: हॅरिसबाईंचा मृत्यू श्रीनगरमध्ये झाला. आयुष्याची शेवटची वर्षं त्या भारतात होत्या.)

'सर्वसमावेशक' म्हणजे नेमकं काय करायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात घाईने सोडवला जाणारा प्रश्न. नेहमीचा मार्ग असा: सम्राज्ञी सावळी करायची, लव्हर्समध्ये (प्रेमी) दोन मुली किंवा दोन मुलगे दाखवायचे, स्ट्रेंग्थमध्ये (शक्ती) व्हीलचेअरवरची नायिका आणायची आणि ही तीन कार्डं जाहिरातीत वापरायची. वाईट काही नाही त्यात. पण मेजर कार्डं हे डेकचं दिवाणखान्याचं दार आहे. तिथे सगळेच नीटनेटके असतात. डेक खरोखर कुणाचा आहे हे मायनरमध्ये कळतं.

नाण्यांची पंजी घ्या. स्मिथ यांच्या चित्रात बर्फ पडतोय, दोन माणसं एका उजळलेल्या रंगीत काचेच्या खिडकीखालून चालली आहेत. एक बाई अनवाणी, अंगावर फाटकी शाल. मागून येणारा माणूस कुबड्यांवर, गळ्यात घंटा. कार्डाचा अर्थ हलाखी, नाकारलं जाणं. आता तुमच्या ७८ कार्डांत कुबड्या फक्त इथेच असतील तर अपंगत्व म्हणजे हलाखी असं तुम्ही छापलंत, स्ट्रेंग्थमध्ये कितीही सुंदर व्हीलचेअर असली तरी. कुबडी काढून टाकणं हा उपाय नाही. कुबडी घेतलेला माणूस पेल्यांच्या तिर्रीत मैत्रिणींबरोबर नाचताना दिसू दे, नाण्यांच्या अठ्ठीत कारागीर म्हणून हातोडी चालवताना दिसू दे. मग पंजीत तो आला तर तो एक प्रसंग राहतो, ओळख होत नाही.

लगेच पुढचं कार्ड, नाण्यांची छक्की. श्रीमंत माणूस एका हातात तराजू धरून दुसऱ्या हाताने गुडघ्यांवर बसलेल्या दोघांना नाणी देतोय. इंग्रजी पुस्तकं याचा अर्थ 'औदार्य' सांगतात. आपल्याकडे वरून हात सोडून देणं आणि खाली ओंजळ धरणं याला जातीचा इतिहास आहे. तो चित्रकाराच्या मनात नसला तरी बघणाऱ्याच्या मनात असतो. हे कार्ड जसंच्या तसं साडी-धोतर नेसवून काढलेलं आम्ही पाहिलं आहे, आणि देणाऱ्याच्या कपाळावर गंध होतं. चित्रकाराचा हेतू वाईट नव्हता, त्याने फक्त कपडे बदलले होते. त्याऐवजी भिशीचं वर्तुळ काढता येतं, बचत गटाच्या बैठकीत वही पुढे सरकवणारा हात काढता येतो. तराजू तोच राहतो, उंची जाते.

कामाला लागण्यापूर्वी एक तक्ता करा. ७८ ओळी, आणि प्रत्येक ओळीत: चित्रात कोण आहे, वय काय, अंगाचा रंग कोणता, उभं की बसलेलं की वाकलेलं, देतंय की घेतंय, राबतंय की बघतंय. भरून झाल्यावर 'वाकलेले' तेवढे चाळून बघा. मग 'गोरे आणि सिंहासनावर' चाळा. मग सैतानाच्या कार्डात गडद रंग आणि स्टार (तारा), टेंपरन्समध्ये (संयम) उजळ कांती असं झालंय का ते बघा. बहुतेक वेळा झालेलं असतं. रंगसंगती करताना हात आपसूक तिकडे वळतो.

म्हातारी माणसंही मोजा. टॅरोत म्हातारपण म्हणजे बहुतेक वेळा कंदील घेतलेला हर्मिट (एकांतवासी साधू). आणि जाड माणसं, जी बहुतेक डेकमध्ये फक्त पेल्यांच्या नव्वीत, समोर पेले मांडून तृप्त बसलेली सापडतात.

राजा, राणी, नाइट, पेज यांचं काय करायचं?

स्मिथ यांच्या १६ कोर्ट कार्डांत (राजा, राणी, नाइट, पेज ही पानं) चार राण्या आणि बारा पुरुष. इथे तीन रस्ते आहेत. पदांची नावं बदलणं (काही डेक मुलगी-मुलगा-आई-वडील करतात, त्याने कुटुंबाचा साचा उलट घट्ट होतो असं आमचं मत). नावं तीच ठेवून व्यक्ती मोकळ्या ठेवणं, म्हणजे तलवारींचा राजा ही साठीची बाई असू शकते. किंवा पदं पूर्ण काढून कामाच्या टप्प्यांची नावं देणं: शिकाऊ, फिरता, जाणता, मुखत्यार असं काहीतरी.

विक्रीच्या दृष्टीने दुसरा रस्ता सोपा, कारण वाचणाऱ्याच्या हाताशी असलेली पुस्तकं निकामी होत नाहीत. तृतीयपंथी किंवा पारलिंगी व्यक्ती दाखवताना मात्र त्यांच्यातल्याच कुणाला तरी मानधन देऊन कच्ची रेखाटनं दाखवा. 'देखणा, रहस्यमय, अर्धा-अर्धा चेहरा' हे चित्र आता फार झालं.

देव, संत किंवा महापुरुष घेतले तर?

हर्मिट म्हणून गाडगेबाबा, चॅरियट (रथ) म्हणून पार्थसारथी, हँग्ड मॅन (उलटा टांगलेला माणूस) म्हणून कुणीतरी हुतात्मा: या कल्पना सगळ्यांना पहिल्याच दिवशी सुचतात. आमचा सल्ला नको असा आहे. कायद्याची भीती हे त्याचं एक कारण, धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावण्याबद्दलचं कलम आता भारतीय न्याय संहितेत २९९ आहे. पण मोठं कारण वाचनाचं. टॅरोत प्रत्येक कार्ड उलटंही येतं आणि प्रत्येकाचा वाईट अर्थही असतो. सावित्रीबाईंना हाय प्रीस्टेस (मुख्य पुजारीण) केलंत, तर ते कार्ड उलटं आल्यावर गाइडबुकात, म्हणजे सोबतच्या अर्थपुस्तिकेत, काय लिहिणार? खऱ्या माणसाचं नाव आलं की चित्र आदरापोटी गोठतं, आणि गोठलेलं चित्र वाचता येत नाही.

हातात कंदील घेऊन पहाटे निघालेला कुणी एक निनावी वारकरी चालेल. तो कुणाचाही आजोबा असू शकतो.

सावंतवाडीच्या गंजिफेच्या शैलीत टॅरो काढता येईल का?

येईल, पण आधी गंजिफा म्हणजे काय ते बघून या. दशावतारी गंजिफेत १२० गोल पानं असतात: मत्स्य-कूर्मापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकी बारा पानं, त्यात एक राजा, एक वजीर आणि एक्का ते दश्शी. चिंचोक्याच्या खळीने तयार केलेल्या पानावर रंगकाम आणि वरून लाखेचा थर. ही कला जवळपास संपत आली होती. शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी १९७०च्या दशकात सावंतवाडीच्या राजवाड्यात कारागीर बसवून ती पुन्हा उभी केली.

गंजिफेचा टॅरोशी थेट संबंध नाही. चार रंगांचे युरोपी पत्ते आणि आपली गंजिफा ही पत्त्यांच्या एकाच जुन्या पसाऱ्यातली दूरची भावंडं, एवढंच. त्यामुळे नुसती गोल चौकट आणि लाल पार्श्वभूमी उचलून 'गंजिफा-प्रेरित' लिहू नका. चितारी कारागिराला कामात घ्या, श्रेयपानावर नाव टाका आणि पैसे नकलेचे नव्हे, चित्रकाराचे द्या. गोल कार्डाची अडचणही आधीच सांगतो: पिसायला छान वाटतं, पण उलटं-सुलटं हा भेद जातो. १९८१ मध्ये अमेरिकेत आलेल्या मदरपीस या गोल डेकने मात्र याच गोष्टीचा उपयोग करून घेतला. त्यात कार्ड किती कललं आहे यावरून अर्थाच्या छटा ठरतात.

ही अंधश्रद्धा नाही का? महाराष्ट्रात कायद्याची अडचण येते का?

पत्ते छापणं आणि विकणं यावर बंदी नाही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत अलौकिक शक्तीच्या दाव्याने लोकांना फसवणं, घाबरवणं, उपचारांपासून रोखणं अशी कृत्यं आहेत. जाहिरातीत 'आजार बरा होतो', 'मूल होतं' असलं काही लिहिलंत तर १९५४ चा औषधे व जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदाही आहे. तेव्हा लिहू नका. गाइडबुकात आरोग्य, गरोदरपण, कोर्टकचेरी आणि गुंतवणूक यांवर एकही ठाम वाक्य नको. मृत्यूच्या कार्डाखाली 'मृत्यू होणार नाही' असं आश्वासनही नको, कारण तेही भाकीतच झालं.

अंधश्रद्धा आहे की नाही, हा वाद आमच्यातच मिटलेला नाही. आमच्यातले निम्मे टॅरोला चित्रांच्या मदतीने मोठ्याने विचार करायची रीत मानतात, उरलेले सरळ चित्रसंग्रह.

कल्पना माझी, चित्रं दुसऱ्याची. करार कसा करावा?

लेखी, काम सुरू होण्यापूर्वी, मराठीत केला तरी चालतो. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्क हस्तांतराच्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे परदेशात विकायचं असेल आणि करारात तसं नसेल तर अडलंच. कलम ५७ नुसार चित्रकाराचा श्रेयाचा हक्क हक्क विकल्यावरही राहतो.

आम्ही सुचवतो ती रचना: टप्प्याटप्प्याने मानधन (रेखाटन, रंग, अंतिम फाइल), वर प्रत्येक छपाईवर रॉयल्टी, पेटीवर कल्पनाकाराएवढ्याच आकारात चित्रकाराचं नाव, आणि टी-शर्ट, पोस्टर, मोबाइल ॲप यांचा वेगळा उल्लेख. ७८ चित्रं म्हणजे पूर्ण वेळ काम केलं तरी वर्षभराचा संसार. चाळिसाव्या कार्डाच्या आसपास बहुतेक चित्रकार थकतात आणि हात बदलतो. वेळापत्रकात तिथे मोकळे आठवडे ठेवा. आणि कार्डं क्रमाने काढू नका, नाहीतर पहिली बावीस झकास आणि शेवटच्या रंगाची कशीतरी उरकलेली दिसतात.

चित्रं एआयकडून काढून घेतली तर?

छापता येतात. हक्क सांगता येतील याची खात्री नाही: अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये एका कॉमिकच्या बाबतीत मजकूर आणि मांडणीला संरक्षण दिलं, एआयने बनवलेल्या चित्रांना नाही. टॅरो घेणारा वर्ग चित्रकाराला पैसे मिळतात का हे बघून घेणारा आहे. त्यांना कळतं आणि ते बोलतात. शिवाय वर सांगितलेला तक्ता एआयकडून पाळून घेणं म्हणजे डोकेदुखी. राजा म्हटलं की दाढी येतेच.

कार्डांवर नावं मराठीत टाकावीत का?

टाका, नाहीतर नावंच टाकू नका आणि नुसते आकडे ठेवा. तोही चांगला पर्याय आहे. मराठी टाकणार असाल तर अक्षरजुळणीकडे नीट बघा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर कॉपी-पेस्ट करू नका. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सोय चालू नसेल तर 'शक्ती'चा क्त सुटतो आणि र्‍हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. ज्या फाँटमध्ये मराठीची सोय आहे तिथे मजकुराची भाषा 'मराठी' निवडली की ल आणि श आपल्या वळणाचे येतात. नाहीतर हिंदी वळणाचे छापले जातात आणि तुमच्या शाळेतल्या बाई तेवढंच बघतात. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्त', 'बलू' हे फाँट खुल्या परवान्याचे आहेत, व्यावसायिक कामाला चालतात.

सावळे रंग छापल्यावर काळपट का होतात?

कारण बहुतेक जण पडद्यावर बघून रंगवतात आणि प्रेसमध्ये गेल्यावर देवाचं नाव घेतात. डेक सर्वांना सामावणारा आहे की नाही याचा निकाल शेवटी शाईच्या डब्याशी लागतो, असं आम्ही म्हणतो ते यामुळे.

छपाईत तपकिरी रंग निळी (सायन), किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शायांतून बनतो. पडद्यावरची फाइल आपोआप सीएमवायकेमध्ये (याच चार शायांच्या पद्धतीत) बदलली की सॉफ्टवेअर गडद त्वचेत बरीच काळी शाई घालतं. कागदावर प्रत्येक ठिपका थोडा पसरतो, मधल्या छटा सगळ्यात जास्त पसरतात, आणि सावळ्या चेहऱ्यावरचं नाक, ओठ, गाल नेमके त्या मधल्या छटांत असतात. वरून मॅट लॅमिनेशन चढलं की उरलासुरला उजेडही दबतो. गोऱ्या चेहऱ्याला या सगळ्याने फारसं काही होत नाही. सावळा चेहरा मात्र काजळी फासल्यासारखा सपाट होतो.

उपाय असा. त्वचेच्या भागात काळी शाई कमीत कमी ठेवा, गडदपणा निळी आणि किरमिजीतून आणा. गालाच्या हाडावर, नाकाच्या शेंड्यावर उजेडाची कड पडद्यावर जरा जास्त वाटेल इतकी उघडी ठेवा. डोळे आणि केस यांच्या काळ्यात आणि त्वचेच्या सगळ्यात गडद छटेत स्पष्ट अंतर ठेवा. चारही शायांची टक्केवारी मिळून ३०० च्या आत. आणि प्रूफ (नमुना छपाई) काढताना सगळ्यात देखणी चार कार्डं देऊ नका. सगळ्यात गडद चेहऱ्याची, रात्रीच्या प्रसंगाची अशी निवडा, त्याच कागदावर आणि लॅमिनेशनसकट. प्रेसवाले म्हणतील, 'मॅडम, छापल्यावर बरोबर येतं.' प्रूफ मागा.

रंगांधळ्या वाचकासाठी चार रंग फक्त रंगाने वेगळे करू नका, कोपऱ्यातलं चिन्हही वेगळ्या आकाराचं हवं. दृष्टिहीन वाचकासाठी पेटीवर क्यूआर कोड देऊन ७८ कार्डांचं ध्वनिवर्णन ठेवता येतं. फार खर्चिक नाही, पण मजकूर चित्रकाराने स्वतः लिहावा.

आकार, कागद, पाठ: काय सांगायचं प्रेसला?

टॅरोचा रूढ आकार ७० बाय १२० मिलिमीटर. हात लहान असतील तर पिसताना जड जातो, म्हणून थोडा अरुंदही चालतो. ३०० ते ३५० जीएसएमचं (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम) कार्ड, चारही बाजूंना तीन मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कड), ३०० डीपीआय, गोल कोपरे डाय मारून (साच्याने कापून). आतून काळा किंवा निळा थर असलेला खास पत्त्यांचा कागद मिळाला तर उत्तम, उजेडात धरलं तरी पलीकडचं दिसत नाही. साधं आर्ट कार्ड घेतलंत तर कडा लवकर उलतात.

ब्लीडसकट एक कार्ड ७६ बाय १२६ होतं. २३ बाय ३६ इंची कागदावर दहा बाय चार अशी ४० कार्डं आरामात बसतात, म्हणजे दोन कागदांत ८०. दोन जागा उरतात. तिथे जादा कार्डं टाका, अर्थसूची टाका, चित्रकाराचं ओळखपत्र टाका, पण रिकाम्या सोडू नका. पत्ते आणि दिनदर्शिकांचं काम शिवकाशीत मोठ्या प्रमाणावर होतं. पुण्या-मुंबईतही होतं, फक्त ७८ पानांचा क्रम लावण्याची सवय आहे का ते विचारा. हाताने क्रम लावला की कुठल्यातरी पेटीत दोन चंद्र आणि सूर्य गायब हे ठरलेलं.

चित्राभोवती बारीक पांढरी किनार ठेवू नका. कटिंग एका मिलिमीटरने सरकलं तरी ती एका बाजूला जाड दिसते. चित्र कडेपर्यंत न्या किंवा किनार चांगली रुंद ठेवा. पाठीचं नक्षीकाम वरून-खालून सारखं हवं, नाहीतर कार्ड उलटं आहे हे पाठीवरूनच कळतं.

पेटी?

झाकणाची कडक पेटी टिकते. घडीची पातळ पेटी स्वस्त पडते आणि वर्षभरात फाटते. कार्डं छापून, लॅमिनेशन होऊन हातात आल्यावर गठ्ठा मोजा, साधारण तीन सेंटिमीटर भरतो, आणि मगच पेटीचा साचा अंतिम करा. हिशेबाने काढलेली पेटी हटकून घट्ट होते.

पैसे कुठून उभे करायचे?

मराठी प्रकाशकांची जुनी युक्ती आहे: प्रकाशनपूर्व सवलत. छपाईच्या आधी नावनोंदणी, सवलतीत किंमत, ठरलेली तारीख. परदेशात ज्याला क्राउडफंडिंग म्हणतात त्याचंच हे रूप. किकस्टार्टर या क्राउडफंडिंगच्या संकेतस्थळावर भारतातल्या बँक खात्यावरून प्रकल्प सुरू करता येत नाही. परदेशात राहणारा भागीदार असेल तरच तो रस्ता, आणि मग कर आणि हिशेबाची बोलणी सीएच्या समोर करा, व्हॉट्सॲपवर नको.

किमतीत टपाल धरा. ३५० जीएसएमची ७८ कार्डं एकटीच सुमारे २३० ग्रॅम भरतात. पेटी, पुस्तिका आणि पुठ्ठा धरून पार्सल अर्ध्या किलोच्या घरात जातं. परदेशी टपालात बऱ्याच जणांचा नफा गेलेला आहे.

स्वतः काढावा की प्रकाशकाकडे जावं?

प्रकाशक छपाई, गोदाम आणि वितरण बघतो, पण चित्रांत ढवळाढवळही करतो, आणि पहिली कात्री मायनर कार्डांनाच लागते: 'ही छक्की जरा नेहमीसारखी करा ना, लोकांना कळत नाही.' हे ऐकायची तयारी नसेल तर स्वतः काढा, ३०० ते ५०० पेट्यांपासून.

आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) लागतो का?

पुस्तकांच्या दुकानात ठेवायचा असेल तर गाइडबुकासह घ्या. भारतात राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून तो विनामूल्य मिळतो. पैसे मागणारे दलाल भेटतील, त्यांना नमस्कार करा.

गाइडबुकात किती लिहावं?

कार्डामागे शंभर-सव्वाशे शब्द पुरेत. आधी चित्रात काय आहे ते साध्या शब्दांत, मग अर्थ, मग उलटं आल्यास काय. नाण्यांच्या छक्कीत देणारा-घेणाऱ्यांमधली उंची का काढली, हे तिथेच दोन ओळींत सांगा. वाचणारे ते शोधतात. पान उघडं राहील अशी शिवण असेल तर फारच छान.

एखाद्या पेटीत कार्ड कमी निघालं किंवा खराब आलं तर?

येणारच. छपाईच्या वेळी पाच टक्के जादा कागद काढून घ्या आणि सुटी कार्डं रंगानुसार डब्यांत लावून ठेवा. मागणाऱ्याकडून फोटो घ्या, वाद घालू नका, साध्या लिफाफ्यात दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून पाठवा. मूर्ख आणि मृत्यू ही दोन कार्डं जरा जास्तच राखून ठेवा, तीच सगळ्यात जास्त मागितली जातात: पहिलं गठ्ठ्यात वर असतं म्हणून पेटीत घासतं, दुसरं काही जण स्वतःच बाहेर काढून ठेवतात आणि मग हरवतं.